शंभर ग्रॅम तेल कोण पितं?

"एक चमचा तेल मिळेल का?"

मी मान वर केली. काउंटरपलीकडे एक उंच, चष्मेवाला तरुण उभा होता. हातात एवढीशी स्टीलची वाटी, शर्टाच्या खिशातून डोकावणारं गाजर. बाहेर भुरभुर पाऊस होता आणि त्याच्या चष्म्यावर थेंब साचले होते.

"आम्ही चमच्याने तेल विकत नाही. बाटली घ्या."

"एकटा राहतो हो. बाटली उघडली की हात सैल सुटतो."

"मग गाजर नुसतंच खा. सशाला कुठे तेल लागतं?"

"सशाचं माहीत नाही," तो अगदी गंभीरपणे म्हणाला, "पण माणसाला लागतं. गाजरातलं अ जीवनसत्त्व तेलाशिवाय नीट अंगी लागत नाही."

गल्ल्यावर बसलेली आत्या फिसकन हसली. "घाल गं त्याला चमचाभर. चमच्याचे कसले पैसे घ्यायचे?"

मी घातलं. ताजं, घाण्यातून नुकतं निघालेलं, अजून कोमट. त्याने वाटी नाकाशी नेली, डोळे मिटले आणि असा काही श्वास घेतला की... मी उगाचच फडक्याने काउंटर पुसायला लागले. स्वच्छ होता तो.

दुसऱ्या दिवशी स्वारी पुन्हा हजर. तिसऱ्या दिवशीही. आत्याने त्याचं नाव 'चमचेमहाराज' ठेवलं. संध्याकाळ झाली की ती मोठ्याने म्हणायची, "महाराज आले नाहीत वाटतं अजून?" आणि मी म्हणायचे, "मला काय करायचंय?" म्हणायचे, पण रोज संध्याकाळी वेणी मात्र नव्याने घालायचे. कशाला खोटं बोलू?

"आज चमचा जरा उतू चाललाय," एकदा तो हळूच म्हणाला.

"हात सैल सुटला."

"तुमचासुद्धा?"

मी घाईघाईने डब्याचं झाकण लावलं... कान तेवढे गरम झाले.

आणि मग तो बुधवार उजाडला.

आमचा निम्मा माल इस्पितळाच्या कँटीनला जातो. आत्याने एकटीने उभा केलेला हा घाणा, मला वाढवलं ते याच्याच जिवावर. त्या दिवशी मी डबे पोचवायला गेले, तर कँटीनच्या भिंतीपाशी स्टुलावर चढून एकजण फलक लावत होता. एका बाजूला तेलाची बाटली, दुसऱ्या बाजूला गाजर. शंभर ग्रॅम तेल, नऊशे कॅलरी. शंभर ग्रॅम गाजर, फक्त चाळीस. खाली लिहिलं होतं, शुक्रवारी सभा, कँटीन बिनतेलाचं करण्याचा ठराव.

स्टुलावरचा माणूस वळला. पांढरा कोट, खिशावर 'आहारतज्ज्ञ', आणि तोच मेला चष्मा.

"तुम्ही?" मी म्हटलं.

"तुम्ही... इथे?" तो म्हणाला.

"हे डबे कुणाचे वाटले तुम्हाला? ठराव झाला तर आत्याचा घाणा बंद पडेल, कळतंय का?"

तो स्टुलावरून खाली उतरला. "कँटीनचं तेल तुमच्याकडून येतं, हे मला ठाऊक नव्हतं. पण आकडे बरोबर आहेत."

"असतील बरोबर. पण शंभर ग्रॅम तेल कोण पितं हो? पेल्यात ओतून पिता तुम्ही?"

"मोठ्या डॉक्टरांनी शंभर ग्रॅमचाच तक्ता मागितला होता."

"आणि तुम्ही दिलात."

"दिला," तो खाली बघून म्हणाला.

त्या संध्याकाळी तो वाटी घेऊन आला, तेव्हा माझ्या मागे तेलाच्या डब्यांची भिंत उभी होती. मी त्याच्या तोंडावर सांगितलं, "तेल संपलं." तो एकदा डब्यांकडे आणि एकदा माझ्याकडे बघून निमूटपणे निघून गेला. मला रडू आलं. रागाने आलं, असं मी आत्याला सांगितलं. तिची घाणा विकायची मनातल्या मनात तयारी चालली होती.

"शुक्रवारच्या सभेत मी बोलणार," मी म्हटलं.

"तिथे एवढे शिकलेले लोक, तुझं कोण ऐकणार, बाई?"

"गाजराची पुंगी गं आत्या. वाजली तर वाजली."

शुक्रवारी कँटीन गच्च भरलं होतं. आत्या मागच्या बाकावर पदर आवळून बसली. मोठे डॉक्टर ठराव वाचू लागले, तशी मी उठले. जीभ शाबूत होती.

"मला तुमच्या आहारतज्ज्ञांना काही विचारायचंय."

मोठ्या डॉक्टरांनी भुवया उंचावल्या, पण मान हलवली. तो उभा राहिला.

"तुम्ही रोज किती तेल खाता?"

"एक चमचा."

"त्यात कॅलरी किती?"

त्याने माझ्याकडे सरळ पाहिलं. खोटं बोलायचं असतं तर तेव्हा बोलला असता. "चमच्यात साडेचार ग्रॅम बसतात. म्हणजे चाळीस."

"आणि शंभर ग्रॅम गाजरात?"

"चाळीसच."

सभेत कुजबुज झाली. मी एवढ्यावर सोडणार थोडीच होते?

"म्हणजे माणूस खातो त्या मापाने दोघं बरोबरीत. मग यातलं चांगलं कोण?"

"तो प्रश्नच चुकीचा आहे," तो म्हणाला. "गाजरात चोथा आहे, तो तेलात नाही. तेलात ई जीवनसत्त्व आहे, ते गाजरात नावापुरतंच. आणि तेल नसेल तर गाजरातलं सत्त्व अंगी लागणार कसं? रोग्याला दोन्ही लागतात. हे मी तक्त्यात लिहायला हवं होतं."

मोठ्या डॉक्टरांनी चष्मा काढला. "एक मिनिट. तुम्ही तेल कुठून घेता?"

"यांच्याकडून."

"मग तुमचं म्हणणं आम्ही खरं कसं धरायचं?"

वाजलेली पुंगी मोडतेय की काय... तो मात्र शांत होता. कानांच्या पाळ्या तेवढ्या लाल झाल्या होत्या.

"आकडे कुठल्याही प्रयोगशाळेत तपासून घ्या, सर. तेलाच्या बाबतीत मी तटस्थ आहे. यांच्या बाबतीत... नाही. आईने पाठवलेला तेलाचा भरलेला डबा माझ्या खोलीवर पडून आहे. तरी रोज वाटी घेऊन जातो."

कुणीतरी हसलं आणि अख्खं कँटीन हसायला लागलं. मोठे डॉक्टर आधी आढ्याकडे बघत राहिले, मग त्यांनाही आवरेना. त्यांनी ठरावाचा कागद घडी घालून खिशात टाकला.

"तेल चालू राहील," ते म्हणाले. "मापून वापरा. आणि हा फलक उतरवा, माणूस जेवढं खातो तेवढ्याचा नवा लावा."

जिंकलो होतो आम्ही. घाणा वाचला होता. मला ओरडावंसं वाटत होतं, नाचावंसं वाटत होतं, आणि त्या येड्याने एवढ्या लोकांसमोर स्वतःचं हसं करून घेतलं म्हणून त्याला दोन शब्द सुनवावेसेही वाटत होते. गर्दीतून वाट काढत मी त्याच्यापाशी पोचले.

"एवढ्या लोकांत बोलायची काय गरज होती?" मी म्हटलं.

"तूच विचारायला उभं केलंस," तो म्हणाला. पहिल्यांदाच 'तू' म्हणाला. "चुकलं का माझं?"

मी त्याचा हात धरला. चांगला घट्ट धरला आणि ओढतच मागच्या बाकापाशी नेला. आत्या पदराने डोळे पुसत होती.

"आत्या, मला हा हवाय."

तिने त्याला खालपासून वरपर्यंत न्याहाळलं. मग माझ्याकडे बघितलं.

"विचारतेयस, का सांगतेयस?"

"सांगतेय," मी म्हटलं.