खांबावरचं अर्धं फूल

“सगळे तुकडे जुळले, पण खांबावरच्या कोरीव फुलाचा अर्धा भाग कुठाय?” गवतात गुडघे टेकून ताई ओरडली.

बागेच्या फाटकाचा दोनशे वर्षांचा दगडी खांब काल दुपारी आडवा झाला होता. ही भिंत आणि हे खांब जपायचे, असा सरकारचा हुकूमच होता. भिंतीच्या दुरुस्तीला आलेला ठेकेदार मात्र छाती ठोकून सांगत होता, “माळ्याने पाणी सोडून सोडून पाया खिळखिळा केला!”

आज पाहणीला अधिकारीबाई येणार होत्या. त्यांना हे पटलं, तर माळीआजोबांची चाळीस वर्षांची नोकरी गेलीच म्हणून समजा! एरवी वाफ्यात चेंडू गेला की बाग डोक्यावर घेणारे आजोबा कालपासून गप्प होते. मुलांना ते बघवेना.

“पायाची माती तर कोरडी ठणठणीत आहे,” ताईचा मावसभाऊ भिंग म्हणाला. जाड चष्म्यातून त्याला मुंगीची मिशीसुद्धा दिसे! “आणि तो ठेकेदाराचा ट्रक बघा. सदा चिखलाने माखलेला, त्याची आजच कशी आंघोळ झाली?”

“कुठेतरी पाणी मुरतंय!” ताईचा धाकटा भाऊ भोपू म्हणाला.

तिघं ट्रकजवळ गेली, तोच ठेकेदार खेकसला, “ए, पळा इथून!” पण तेवढ्यात भिंगने पाहून घेतलं होतं. ट्रकच्या मागच्या फाळक्याच्या फटीत काहीतरी करडं अडकलं होतं.

अधिकारीबाई आल्या. त्यांनी वही उघडली, आणि ताईने भोपूला डोळा मारला. भोपूचा चेंडू सूंऽऽ करत थेट ट्रकात!

“काका, आमचा चेंडू! फाळका उघडा ना!”

“नंतर बघू!”

“द्या की हो मुलांचा चेंडू,” बाई हसून म्हणाल्या.

ठेकेदाराचा नाइलाज झाला. ड्रायव्हरने खिट्टी काढली. फाळका धाडकन खाली आला आणि चेंडूच्या आधी बाईंच्या पायाशी पडलं अर्धं दगडी फूल!

ताईने ते खांबाला लावलं. चपखल बसलं!

ड्रायव्हर मान खाली घालून म्हणाला, “ट्रक मागे घेताना धक्का लागला, मॅडम. साहेब म्हणाले, गप्प बस.”

ठेकेदाराचं तोंड एवढंसं झालं. “हेच दगड, याच जागी, तुमच्या खर्चाने!” बाईंनी त्याला बजावलं. “सिमेंट नाही, चुन्यातच बसवायचे. आणि माळीआजोबा सांगतील तसे! मुलांनो, शाबास! तुम्ही नसतात, तर मी भलतंच लिहून गेले असते.”

आजोबांचे डोळे भरून आले. तिघांना जवळ घेत ते म्हणाले, “लबाडांनो, आता वाफ्यात चेंडू आला तरी मी ओरडणार नाही!”

“खरंच?”

“एकदा! फक्त एकदाच!”

ते बोलेपर्यंत चेंडू गुलाबांत पोचलाही होता.