मूठकुलूप

लवू राऊळांची बंदूक टेबलावरच्या पकडीत घट्ट बसवून इरावती तेंडोलकरने तिच्या मुठीला तारा जोडल्या आणि पडदा चालू केला. वेरळखोल गावाच्या वेशीवरचं हे शस्त्र पडताळणी केंद्र म्हणजे जेमतेम दोन खोल्या. छपरावरच्या सौरपट्ट्यांमुळे एका टेबलापुरती वीज इथे अजून होती. बाकी कुठेच नव्हती. सूर्यावरून सुटलेल्या भारित कणांच्या वादळाने अकरा दिवसांपूर्वी देशभरची रोहित्रं जाळली, आणि त्या दुपारपासून पाण्याचे पंप, फोन, पेट्रोलपंप सगळं बंद होतं.

लवूतात्या दारातच उभे होते. सत्तरीचा माणूस, पण गुडघ्यापर्यंत चिखल आणि सदऱ्याची बाही फाटलेली.

"मॅडम, माझ्या बंदुकेन माका वळखूक नाय," ते म्हणाले. "डुकर परड्यात शिरलेलो. मी बंदूक धरलंय, दिवो लाल. परत धरलंय, तरी लाल. मगे तो माझ्या आंगार इलो, आणि दिवो हिरवो झालो! बार काढलंय म्हणान वाचलंय."

"म्हणजे तुम्ही शांत होता तेव्हा कुलूप बंद, आणि डुक्कर अंगावर आलं तेव्हा उघडलं?"

"तसाच."

इरावतीने अंतोनमामांकडे पाहिलं. अंतोन फर्नांडिस आधी नौदलात शस्त्रकारागीर होते. निवृत्तीनंतर आठ वर्षं ते या केंद्रात काम करत होते. त्यांनी चष्मा कपाळावर सरकवला.

या भागात पिकं राखायला शेतकऱ्यांकडे परवान्याच्या बंदुका पिढ्यान्‌पिढ्या होत्या. सहा वर्षांपूर्वीच्या कायद्याने त्या प्रत्येक बंदुकीच्या मुठीत बॅटरीवर चालणारं एक कुलूप आलं. मालकाचा हात ओळखला की हिरवा दिवा आणि चाप मोकळा. नाहीतर लाल दिवा आणि बंदूक म्हणजे नुसती काठी. कुलूप जबरदस्तीने काढायला गेलं तर आतली कळच तुटून बंदूक कायमची निकामी व्हायची.

वादळानंतर तिसऱ्या दिवशी सरपंच यशोमती परब स्वतः केंद्रात आल्या होत्या. महामार्गावर इंधन संपून शेकडो गाड्या अडकल्यात, तिथले लोक गावं लुटायला लागलेत, असं कुणीतरी ऐकून आलं होतं. गावात बंदुका नऊ, आणि त्यांचे मालक बहुतेक म्हातारे. पहारा तरण्यांनी द्यायचा तर बंदुका एकमेकांना द्यायला हव्यात, असं सरपंचबाईंचं म्हणणं. इरावतीने एक दिवस टाळाटाळ केली. मग नऊही कुलपांत सहओळख सुरू करून दिली. मालकाने बंदूक धरून दुसऱ्याच्या हातात दिली की कुलूप तो नवा हातही आपला मानणार. त्यानंतर बंदुका गावभर फिरल्या. एक बंदूक दोन पायली तांदळावर वरच्या वाडीला गेली, एक इन्सुलिनच्या चार कुप्यांवर तिथून परत आली. पुलावरच्या पहाऱ्यात तर दर दोन तासांनी हात बदलत होते.

पडद्यावर रेषा उमटू लागल्या. इरावती खुर्चीत पुढे सरकली. थोड्या वेळाने तिने पडदा अंतोनमामांकडे वळवला.

"मामा, ही तात्यांची कंपमुद्रा. सहा वर्षांपूर्वी नोंदवलेली."

"हात किती थरथरतो ती?"

"किती नाही, कसा. प्रत्येकाचा हात सदोदित बारीक थरथरत असतो, सेकंदाला आठ-दहा वेळा. डोळ्यांना दिसत नाही. हाडांची लांबी, स्नायूंचं वजन, नसांचा वेग, यांमुळे ते थरथरणं प्रत्येकाचं वेगळं. आवाजासारखं. मूठ तेच ऐकते."

"कळलं, मॅडम. मग यात बिघडलंय काय?"

"वयाप्रमाणे हात बदलतो. म्हणून कुलूप शेवटच्या पन्नास पकडी लक्षात ठेवतं आणि जुन्या विसरतं. वर्षातून चार-पाच वेळा बंदूक हातात घेणाऱ्याला ते ठीक. पण या सात दिवसांत ही किती हातांत गेली?"

अंतोनमामांनी आकडा वाचला. "एकशे चौसष्ट पकडी."

"म्हणजे तात्यांचा हात ती केव्हाच विसरली. आता तिच्या लक्षात पन्नास वेगवेगळ्या पकडी आहेत, आणि त्या सगळ्यांत जे सारखं, तेवढीच तिची ओळख. आता सांगा, इतक्या वेगळ्या माणसांच्या हातांत सारखं काय असेल?"

अंतोनमामांनी टेबलावरची पकड सैल केली, नळीत गज घालून बंदूक रिकामी असल्याची खात्री करून घेतली आणि मूठ हातात धरली. लाल दिवा. इरावतीने काही न सांगता मागच्या फळीवरचा पत्र्याचा डबा ढकलून दिला. डबा फरशीवर आदळला. अंतोनमामा दचकले, आणि त्यांच्या बोटांखालचा दिवा हिरवा झाला.

"भीती," ते हळूच म्हणाले.

"घाबरलं की रक्तात ॲड्रिनलिन उतरतं. थरथर कितीतरी पटींनी वाढते आणि आपल्या हाताच्या बारीक खुणा त्या लाटेखाली बुडतात. घाबरलेले हात जवळजवळ सारखेच थरथरतात, मामा. पुलावर बंदूक धरणारा प्रत्येक जण घाबरलेला होता. कुलूप तेच शिकलं."

"म्हणजे शांत माणसाच्या हातात ही काठी."

"आणि घाबरलेल्या कुणाच्याही हातात बंदूक. कुणाच्याही. आपल्या गावचा असो वा नसो."

हे बोलता बोलता ती खुर्चीतून उठली. सहओळख तिनेच सुरू करून दिली होती. नऊच्या नऊ बंदुका याच वाटेने गेल्या असणार, आणि त्यांतल्या आठ, भरलेल्या, या क्षणी पुलावर होत्या.

"तात्या, पुलावर आज कोण आहे?"

"सगळेच आसत. हायवेवरचे लोक परत येतले म्हणान सरपंचबायनी सगळ्यांका बोलवल्यान."

तेवढ्यात नदीच्या बाजूने बार ऐकू आला.

इरावती धावत सुटली. पूल अर्ध्या किलोमीटरवर होता. धावताना तिच्या मनात एकच हिशेब चालला होता. त्या एका आवाजाने पुलावरचे सगळे हात आता थरथरत असतील, म्हणजे आठही दिवे हिरवे झालेले असतील.

पुलाच्या तोंडाशी ट्रॅक्टरची ट्रॉली आडवी लावली होती. अलीकडे बंदुका घेतलेले गावकरी आणि त्यांच्यामागे कोयते घेतलेले वीसेक जण. पलीकडे तीस-चाळीस माणसं डांबरावर पालथी पडली होती. त्यांच्या भोवती रिकामे कॅन, बाटल्या, एक पितळी कळशी. बार कुणाला लागला नव्हता. काडतूस बदलताना एका पहारेकऱ्याच्या हातून बंदूक उडाली होती.

पण पलीकडच्यांना ते कुठून कळणार? त्यांच्यातला एक खाकी कपड्यांतला धिप्पाड माणूस ट्रॉलीवरून उडी मारून अलीकडे आला होता. दुसरा बार निघायच्या आत त्याने समोरच्या आबा मेस्त्रीच्या हातातली बंदूक नळीला धरून हिसकून घेतली होती. आबा सुतार माणूस. तो रिकाम्या हातांनी मागे मागे सरकत होता.

"घाबरू नका रे!" गर्दीतून कुणीतरी ओरडलं. "परक्याच्या हातात चालत नाही ती! धरा त्याला!"

कोयते पुढे सरकले. त्या माणसाने नळी सोडली, बंदूक फिरवली आणि मूठ धरली.

हिरवा दिवा इरावतीला वीस पावलांवरून दिसला. बाकी कुणी पाहिला नाही. सहा वर्षं सगळ्यांना एवढंच माहीत होतं, की परक्या हातात बंदूक म्हणजे काठी.

"थांबा!" ती ओरडली, आणि लगेच तिने स्वतःचा आवाज आवरला. ओरडलं तर तो आणखी घाबरेल. चाप मोकळा होता आणि त्याचं बोट चापावर होतं. दिवा हिरवा आहे असं गावकऱ्यांना ओरडून सांगावं, तर त्यांच्या सात बंदुकाही हिरव्याच होत्या. एकाने चाप ओढला तर सगळे ओढणार.

ती सरपंचबाईंच्या कानाशी गेली. "ती चालते आहे. कसं ते नंतर सांगते. सगळ्यांना खाली बसवा. तुम्ही आधी बसा."

"बसू? आत्ता?"

"यशोमतीताई, पाया पडते. बसा."

यशोमती परबांनी तिच्या चेहऱ्याकडे एकदा पाहिलं आणि पुलाच्या डांबरावर चक्क मांडी घातली. "कोयते खाली ठेवा," त्या म्हणाल्या. "बंदुका समोर ठेवा आणि बसा. माझं ऐका."

आधी आबा बसला. मग दोघे, चौघे, आणि हळूहळू सगळेच. उभे राहिले ते फक्त तो माणूस आणि त्याच्या समोर इरावती. बंदुकीची नळी तिच्या पोटाच्या उंचीवर होती. मग तीही खाली बसली.

"तुमचं नाव काय?"

"नाव कशाला पाहिजे?"

"हाक मारायला."

त्याने ओठांवरून जीभ फिरवली. ओठ फुटले होते. "मल्लिनाथ. मल्लिनाथ बिराजदार. गाडीचा कंडक्टर आहे मी."

"गाडीत माणसं किती?"

"एकेचाळीस." तो थांबला. "काल बेचाळीस होती. एक आजी होत्या. काल पाणी मागायला दोघांना इकडे पाठवलं, तर तुम्ही बंदुका दाखवल्या."

खाली बसलेल्यांपैकी कुणीच वर पाहिलं नाही. काल तिथे कोण होतं ते सगळ्यांना ठाऊक होतं.

"पाणी आणा," इरावती मान न वळवता म्हणाली. "हळू उठा. धावू नका."

दोन बायका उठल्या आणि पहाऱ्यासाठी भरून ठेवलेल्या कळशा घेऊन ट्रॉलीपाशी गेल्या. पलीकडच्या माणसांनी आधी विश्वासच ठेवला नाही. मग एका बाईने हात पुढे केला. मल्लिनाथ मान वळवून बघत होता. प्रत्येक जण प्यायला की त्याचे ओठ हलत होते. तो आपले प्रवासी मोजत होता. मोजणी संपायला बराच वेळ लागला. शेवटी एक तांब्या त्याच्यापर्यंत आला. त्याने बंदूक काखेत धरली आणि घटाघटा पाणी पिऊन टाकलं. परत मूठ धरली तेव्हा दिवा लुकलुकला आणि लाल झाला.

"घ्या ही," तो म्हणाला. "मला हिच्यातलं काही कळत नाही."

इरावतीने बंदूक घेतली, आणि तिच्या हातात ती तात्काळ हिरवी झाली.

तिने ती अगदी जपून डांबरावर ठेवली. अंतोनमामा धापा टाकत पोचले होते. त्यांनी दिवा पाहिला आणि खाली वाकून मुठीला फक्त हात लावून बघितला. हिरवा. सरपंचबाईंनी लावला. हिरवा. इरावतीने मग सगळ्यांना, अलीकडच्यांना आणि पलीकडच्यांनाही, खरं काय ते सांगितलं. ते ऐकल्यावर आबा मेस्त्री आपल्याच हातांकडे बघत बसला. समोर पडलेल्या बंदुकांपासून माणसं बसल्या बसल्याच मागे सरकू लागली.

"काडतुसं काढून टाकूया ना," सरपंचबाई म्हणाल्या.

"काडतूस काढायला कुलूप उघडं लागतं, आणि कुलूप उघडं म्हणजे चापही मोकळा," अंतोनमामा म्हणाले. "मघाचा बार असाच निघाला. आता तर आपले हात त्याहून वाईट आहेत. या बंद अवस्थेतच केंद्रात न्यायला हव्यात. तिथे यंत्राला लावून मॅडम त्यांच्या आठवणी पुसतील, जुने मालक परत नोंदवतील, आणि मग शांतपणे त्या रिकाम्या करता येतील. दिवसाला दोन होतील."

"मग न्या की."

"उचलणार कोण? नळीला धरली तरी थरथर मुठीपर्यंत पोचते. जो उचलेल त्याच्या हातात ती उघडणार."

"इथेच सोडून जाऊ."

"आणि दुसरं कुणी घाबरलेलं इथून गेलं तर?"

इरावतीला उत्तर सुचलं होतं, पण ते बोलून दाखवायला धीर होत नव्हता. तिने मल्लिनाथकडे पाहिलं. तो आपल्या प्रवाशांजवळ जाऊन ट्रॉलीच्या चाकाला टेकून बसला होता. एका मुलीने दिलेलं अर्धं बिस्कीट चघळत होता.

ती उठून त्याच्यापाशी गेली. "मल्लिनाथदादा, आमच्या बंदुका तुम्ही उचलाल का?"

अंतोनमामांसोबत आलेल्या लवूतात्यांचा आवाज मागून आला, "त्येका देतास? आमची हत्यारा?" पण पुढे होऊन स्वतः बंदूक उचलायला तेही तयार झाले नाहीत.

"मी?" मल्लिनाथ म्हणाला. "इतकी माणसं असताना मीच का?"

"इथे सगळे घाबरलेले आहेत. तुमच्या हातात दिवा लाल झाला."

त्याने थोडा विचार केला. "माझी भीती पाण्याची होती. ते मिळालं." मग त्याने विचारलं, "आणि तुम्हाला आता कशाची भीती आहे?"

"सकाळपर्यंत तुमची होती," इरावती म्हणाली. "आता आमच्याच हातांची आहे."

कुणीतरी हातगाडी आणली आणि तिच्यात गोणपाट अंथरलं. मल्लिनाथने पँटला हात पुसले. पहिली बंदूक उचलली, लाल, गाडीत ठेवली. दुसरी. तिसरी. हातगाडीभोवती सत्तर-ऐंशी माणसं मांडी घालून बसली होती. सरपंचबाईंनी हळूच दोन्ही तळवे खाली दाबून सगळ्यांना खूण केली: हलू नका. एका म्हाताऱ्याला खोकल्याची उबळ आली, तशी शेजाऱ्याने आपला पंचा त्याच्या तोंडाशी धरला. पाचव्या बंदुकीला दिवा क्षणभर लुकलुकला. पुलावरच्या कुणीही श्वास घेतला नाही. मल्लिनाथ थांबला, मान खाली घालून उभा राहिला. दिवा लाल झाला, आणि तो सहावीकडे वळला.

एवढ्या दिवसांत पहिल्यांदाच सगळं वेरळखोल एकाच कामाला लागलं होतं: त्या परक्या माणसाला भीती वाटू नये म्हणून.