शिट्टीसमोरचा कागद

"वाफ कुठाय?" टिचकी रेल्वे यार्डाच्या भिंतीवरून इतकी पुढे झुकली की तिच्या मावसभावाने, ढोलूने, तिला मागून गच्च धरलं.

"पोंऽऽ!" जुनं वाफेचं इंजिन पुन्हा ओरडलं.

"बघ, नाहीच! शिट्टी वाजली की वर पांढरी वाफ उडते. आजोबांनी छप्पन्न वेळा सांगितलंय!"

"आणि तू सत्तावन्नाव्यांदा सांगतेयस," ढोलू म्हणाला.

सुट्टी लागल्यापासून टिचकीचं डोकं तापलेलंच होतं. आजोबांनी हे इंजिन तीस वर्षं चालवलेलं. दुरुस्तीनंतरची त्याची पहिली फेरी परवा निघणार होती आणि चालवणार होते आजोबाच! पण चाचणीची शिट्टी ऐकून ते म्हणाले, "ही माझ्या इंजिनाची शिट्टी नव्हे." झालं! शेडचे फोरमन हसले, "काका, तुमचे कान गेले!" आणि बहिऱ्याच्या हाती इंजिन नको, म्हणून त्यांनी आजोबांचं नावच कापलं. घरी आईसुद्धा म्हणाली, "वय झालंय त्यांचं." तेव्हा टिचकी भरल्या ताटावरून उठायचीच बाकी राहिली होती.

तिने काय कमी खटपट केली? फोरमन म्हणाले, "जा, खेळा." क्लार्क म्हणाला, "अर्ज द्या." अर्ज दिला, तर म्हणे, "मोठ्या माणसाची सही आणा!" मोठ्या माणसांचं हे असंच! स्वतः ऐकायचं नाही आणि दुसऱ्याला बहिरं ठरवायचं.

"ऐकत नाहीत, तर त्यांना दाखवू," ढोलू म्हणाला. "उद्या तपासणीला रेल्वेच्या मोठ्या मॅडम येणारेत."

दुसऱ्या दिवशी सकाळी, इंजिन अजून थंड असताना, टिचकीने अगदी गरीब चेहरा केला. "फोरमनकाका, इंजिनाला रंगीत पट्ट्या लावू?"

"लावा की! फोटो झकास येतील!" फोरमन खूश झाले.

टिचकी शिडीवर चढली. तिने पतंगाच्या कागदाची एक पातळ पट्टी बरोबर शिट्टीसमोर लटकवली. जवळून पाहिलं आणि ती चक्रावलीच. पितळी शिट्टी सोनेरी रंगाने माखली होती! ज्या बारीक फटीतून वाफ सुटते, तीही बुजलेली. टिचकीने नखाने खरवडलं. पापुद्राच निघाला.

"पितळेला कुणी रंग फासतं का?" ती दात-ओठ खात उतरली. "पितळ घासायचं असतं!"

दुपारी मॅडम आल्या तेव्हा वाऱ्याचं नावही नव्हतं. फोरमननी ऐटीत इशारा केला, ड्रायव्हरने दोरी ओढली. "पोंऽऽ!" सगळ्यांनी कानांत बोटं घातली.

"मॅडम!" सतत टिचकीच्या मागे फिरणारा तिचा धाकटा भाऊ शेपूट ओरडला. "एवढी मोठी शिट्टी वाजली आणि कागद हललाच नाही!"

"गप रे!" फोरमन डाफरले.

"थांबा. पुन्हा वाजवा," मॅडम म्हणाल्या.

"पोंऽऽ!" कागद ढिम्म.

"मग आवाज येतोय कुठून?"

टिचकीने वाकून इंजिनाच्या पोटाखाली बोट दाखवलं. तिथे ट्रकचा हवेचा भोंगा तारेने करकचून बांधला होता, आणि दोरी थेट त्यालाच!

"शिट्टी नुसती फुसफुसत होती," फोरमनना घाम फुटला. "वाटलं, जुनी झाली... म्हणून तात्पुरता..."

"आणि अहवालात लिहिलंत, शिट्टी दुरुस्त!" मॅडम कडाडल्या.

"फटीत रंग गेलाय," टिचकीने पापुद्रा पुढे केला. "कुणी वर चढून पाहिलंच नाही."

फिटरने शिट्टी उतरवून रंग खरवडेपर्यंत तास गेला. तेवढ्यात ढोलू आजोबांना घेऊन आला. गुडघा धरत ते वर चढले आणि त्यांनी दोरी ओढली. शिट्टीतून पांढरी वाफ उसळली, कागदाच्या चिंध्या झाल्या आणि घनगंभीर आवाज शेडभर घुमला. आजोबांचे डोळे भरून आले.

"शाब्बास पोरांनो!" मॅडम म्हणाल्या. "उद्या इंजिन आजोबाच चालवणार!"

फोरमननीही घाईघाईने टिचकीची पाठ थोपटली. ती झटकन बाजूला झाली. अजून तिचा राग उतरला नव्हता. "मला शाबासकी नको! आजोबांना सांगा, चूक कुणाची होती ते."

फोरमन मान खाली घालून पुटपुटले, "काका, तुमचं बरोबर होतं. माझी चूक झाली."

आजोबांना सगळं स्वच्छ ऐकू आलं होतं. तरी त्यांनी कानामागे हात धरला.

"काय म्हणालात? जरा मोठ्याने बोला. कान गेलेत माझे!"