टॅपेटचा आवाज

घाटनांदूरला माझं मोटारसायकलीचं गॅरेज हाय. इंजिन आतून कुठं कुरकुरतंय ते कळायला पेचकसाचं टोक इंजिनवर टेकवायचं अन् मूठ कानाला लावायची. सगळं ऐकू येतं, टॅपेट ढिलं झालं की व्हणारी टिक्-टिकबी.

माझी बायको तेजश्री. लहानपणी तिला सांधेताप आलता, त्यात हृदयाचा वॉल, म्हंजी झडप, गेला. आता छातीत धातूचा वॉल हाय. टिक्, टिक्. मी मुद्दाम तिच्या पाठीला पेचकस लावायचो.

"टॅपेट वाजायलंय गं. सेटिंग करावी लागंल."

"आधी तुमच्या डोक्याची करा!"

लई जीव हाय माझा तिच्यावर. लाजायचं काय त्यात?

दिवाळीनंतर तिनं दाढ काढली अन् दाताच्या डॉक्टरला वॉलचं सांगायचंच विसरली. मग एका दुपारी गॅरेजात दुरुस्तीला आलेल्या फळवाल्या ख्वाजाभाईच्या मोटारसायकलीवर बसून चहा पिता पिता तिला थंडी वाजून हीव भरलं. अंबाजोगाईच्या दवाखान्यात डॉक्टर म्हणाले, "दाढेतून रक्तात गेलेले जंतू वॉलवर जाऊन बसलेत. वर शरीराची फौज शरीरावरच उलटलीय. राखणीचं कुत्रं धन्यालाच चावतंय म्हणा ना. ऑपरेशन आता झेपणार नाही."

तिचे कपडे न्यायला गावाकडं आलो. गॅरेजपुढं ख्वाजाभाईची गाडी तशीच उन्हात उभी होती. सवयीनं पेचकस टेकवला.

टिक्, टिक्.

चावी माझ्या खिशात. इंजिन गार. पत्रा तापून वाजत असंल म्हणून गाडी सावलीत घेतली. तरी तेच. दुसऱ्या गाड्यांना लावून बघितलं, त्या गप्प. हा तिचाच ठेका होता, मधीच जरासा अडखळणारा.

तेवढ्यात ख्वाजाभाई आला. "अंगदभाई, गाडी देता का न्हाई? डाळिंबं सडायलीत माझी."

"पार्टच आला न्हाई," मी थाप मारली.

अन् तेजश्री बरी झाली. डॉक्टरबी चक्रावले. घरी आणली तशी गॅरेजातल्या स्टुलावर बसली, चहा घेतला, माझ्याकडं बघून हसली. माझ्या डोळ्यांत पाणीच आलं. चेष्टेनं तिच्या पाठीला पेचकस लावला.

काहीच न्हाई.

जागा बदलली. पुन्हा लावला.

तिनं मागं वळून बघितलंबी न्हाई. चहाचा घोट घेतला.

"अहो," ती हळूच म्हणाली, "ती गाडी कुणाला देऊ नका. अन् तिच्यावर एक गोधडी टाका. तिथं लई गार लागतंय मला."