फ्रिज दुरुस्त होईपर्यंत

फ्रिज जेवणाच्या टेबलावर होता. प्रवासात न्यायचा, पेटीसारखा, झाकण वर. मूल कडेवर घ्यावं तसा एकट्याला उचलता येईल एवढा. गाडीतल्या सॉकेटवरही चालायचा आणि घरच्या विजेवरही. त्याची पाठ उघडी होती. काढलेले स्क्रू एका बशीत होते, आणि ती बशी आईने इतक्या दिवसांत धुतली नव्हती. ज्या घरात चमचासुद्धा ओला राहत नाही, त्या घरात हे नवलच.

फ्रिज आवाज करतो, असं तिने फोनवर सांगितलं होतं. पण तक्रारीच्या सुरात नाही. शेजारची सून गाते बरं का, असं सांगावं तसं.

तो मीच पाठवला होता. आईला रोज इन्सुलिन लागतं, आणि आई-बाबांच्या घरापासून माझं घर गाडीने पूर्ण दिवसाच्या वाटेवर. दोघांनी उन्हाळ्यात माझ्याकडे यायचं ठरलं होतं. फ्रिज आला तोच घरघरत आला. परत पाठवा म्हटलं, तर बाबांना राग आला. आयुष्यभर लोकांचे फ्रिज दुरुस्त केलेल्या माणसाच्या दारातून फ्रिज परत गेला तर गल्लीत तोंड कसं दाखवायचं, असं त्यांचं म्हणणं. त्याच दुपारी त्यांनी पाठ उघडली. मध्येच हात धुवायला म्हणून उठले. नळ बराच वेळ वाहत राहिला, तेव्हा आई बघायला गेली.

त्यानंतर आई एकटी राहिली. एकदा साखर उतरून ती स्वयंपाकघरात पडली, आणि शेजाऱ्यांना दाराची कडी तोडावी लागली. म्हणून मी रजा घेऊन तिला न्यायला आले होते. ती नाही म्हणत नव्हती. फ्रिज झाला की निघू, एवढंच म्हणत होती.

दुसरा घेऊ, असं मी सुचवून पाहिलं.

"दुसरा मिळतो गं," ती म्हणाली. "पण यांनी उघडलेलं काम तसंच टाकून मी कुठे येऊ?"

आमच्या घरात पाठ उघडलेलं यंत्र कधीही तसंच सोडलेलं नाही. पाहुणे जेवायला बसले तरी ते टेबलाच्या दुसऱ्या टोकाला असायचंच. तेव्हा मीच ते काम पुरं करायचं ठरवलं.

मी एका रुग्णालयात लोकांचे कान तपासते. रोगी काचेच्या बंद खोलीत बसतो, मी बाहेरून त्याच्या कानात आवाज सोडते, आणि ऐकू आलं की तो बटण दाबतो. आवाजाला घाबरायचं नसतं, त्याला वेगळा काढायचा असतो, हे मला ठाऊक आहे. बाबाही तेच करायचे, फक्त काचेची खोली नसायची. लांब स्क्रूड्रायव्हरचं टोक यंत्राला आणि मूठ कानामागच्या हाडाला लावून ते डोळे मिटायचे, आणि आई म्हणायची, लागली समाधी.

पहिल्या सकाळी मीही तशीच समाधी लावली. कॉम्प्रेसरची घरघर खालच्या रबरामुळे होती. एक रबर दबून चपटं झालं होतं. वायूची खळखळ ठीक होती. पंख्याचं एक पातं तारेला घासत होतं. प्लास्टिक गार होताना कडकड वाजतं, ते कुठल्याही फ्रिजमध्ये वाजतंच. हे सगळं बाजूला काढलं तरी एक आवाज उरला.

टक.

बोट दुमडून लाकडावर वाजवावं तसा. थोड्या वेळाने पुन्हा, या वेळी लागोपाठ दोनदा. पंख्याची तार मी थोडा वेळ सोडवून पाहिली, तरी आला. फ्रिजखाली जुनी सतरंजी घातली, तरी आला. आई पलीकडे शेंगा निवडत होती. माझे उद्योग बघून म्हणाली, कान तपासायचं सर्टिफिकेट त्याला दाखव, घाबरून गप्प बसेल.

दुपारी गॅसकाका आले. हे बाबांचे जुने दोस्त आणि धंद्यातले वैरी. फ्रिजमध्ये गॅस भरणं हा त्यांचा व्यवसाय, आणि कुठल्याही बिघाडाला गॅस कमी आहे म्हणणं हा स्वभाव. पंखा, घड्याळ, जावई, सगळ्यांत त्यांना गॅस कमी दिसायचा. त्यांनी मला कानडॉक्टरीणबाई म्हणून हाक मारली, चहा मागितला, फ्रिजकडे न बघताच गॅस कमी आहे असं सांगितलं, आणि बाबांनी एकदा कुणाच्या तरी फ्रिजमध्ये स्वतःचा चष्मा विसरून पाठ कशी बंद केली होती ते रंगवून सांगायला लागले. आई डोळ्यांतून पाणी येईपर्यंत हसली. बाबा गेल्यापासून तिला असं हसताना मी पाहिलं नव्हतं.

तेवढ्यात दोन ठोके आले. आई हसता हसताच उठली, भिंतीवरचं बटण बंद केलं, आणि परत येऊन शेंगा हातात घेतल्या.

गॅसकाकांचा कप तोंडाशी तसाच राहिला.

माझ्याही तेव्हाच लक्षात आलं. बाबा यंत्रामागे आडवे असले की त्यांना पुढचं दिसायचं नाही आणि घरघरीत त्यांचं ऐकू यायचं नाही. ओरडलेलं त्यांना खपायचं नाही. दुरुस्तीवाला ओरडला की गिऱ्हाइकाला वाटतं काहीतरी पेटलं. म्हणून ते पत्र्यावर बोटाने ठोकायचे. एकदा म्हणजे चालू कर. दोनदा म्हणजे बंद. काम झालं की पंजा आपटायचा. लग्न झाल्यापासून बटणापाशी आईच असायची, आणि ती कामावर गेली की मी. ही भाषा आम्हा तिघांनाच येत होती. काकांनी ती फक्त बघितलेली होती.

मी आईला विचारलं, हे कधीपासून चाललंय. ती सहज म्हणाली, तेराव्यानंतर लगेच. रोज थोडं थोडं करतात. आता पूर्वीएवढं घरघरत नाही, तुझ्या लक्षात आलं नाही का?

काका चहा न संपवता उठले. निघताना दारात बूट घालायला त्यांना बराच वेळ लागला. मी पोचवायला गेले होते.

"मी मोठे फ्रिज करतो," ते बुटाकडे बघत म्हणाले. "हे असलं लहान काम मला जमत नाही." मग नाडी बांधून झाल्यावर म्हणाले, "तुझा बाप बाहेरून ठोकायचा गं. हे आतून वाजतंय."

मी हसले. मला वाटलं, माणूस म्हातारा झाला.

दुसऱ्या दिवशी आईला मी बळेच शेजारी बसायला पाठवलं, आणि फ्रिज बाहेरच्या खोलीत नेऊन गादीवर ठेवला. वायर ताणून लावली. खिडकीतून ऊन सरळ त्याच्या झाकणावर पडत होतं. बाहेर कुणीतरी सायकलची घंटी वाजवून बघत होतं. मी बटणापाशी उभी राहिले.

दोन ठोके आले. मी काही केलं नाही.

थोडं थांबून पुन्हा दोन. जरा जोरात.

मी तशीच उभी. मग दोन ठोके असे आले, की मला दहावीच्या सुट्टीतली दुपार आठवली. पुस्तकात डोकं खुपसून मी बटणापाशी उभी होते आणि यंत्रामागून बाबांची बोटं चिडून वाजत होती. माझा हात आपोआप गेला. बटण बंद झालं.

आतून काहीतरी फिरवल्यासारखा, अगदी हलका आवाज आला. मी उघड्या पाठीतून पाहिलं. काहीही हलत नव्हतं.

मग एक ठोका. मी बटण चालू केलं. पातं आता घासत नव्हतं.

माझ्या लक्षात आलं, की मी हसते आहे. आणि रडतही आहे; पण ते बाबा गेले त्या दिवशी जमलं नव्हतं, तेव्हा त्याची वेळ आलीच होती. मी शिकलेली बाई आहे. पुष्कळ वाचलं आहे. अशा वेळी माणसाचं मन काय काय रचतं, ते मी कुणालाही समजावून सांगू शकते. पण बटण दाबायला कुणी सांगतंय आणि आपण दाबतोय, यात एवढं सुख असेल हे मला माहीत नव्हतं. रुग्णालयात बाहेर बसणारी मी असते आणि बटण काचेच्या पेटीत बसलेल्याच्या हातात असतं. इथे बटण माझ्या हातात होतं. मला ती एक गंमत वाटली, एवढंच.

आई परत आली तेव्हा तिने माझ्या तोंडाकडे पाहिलं. पदराने फ्रिजचं झाकण पुसलं. त्यानंतर आम्ही दोघी पाळीपाळीने बटणापाशी उभ्या राहू लागलो. चालू, बंद, चालू. ती मला चिडवायची, तुझा हात अजून सुस्तच आहे, हे काय म्हणत असतील. मीही तिला चिडवायचे. घरात जेवण वेळेवर होऊ लागलं. तिची साखर जागेवर आली.

एका सकाळी आम्ही चहा घेत होतो. फ्रिज पुन्हा टेबलावर होता, चालू होता आणि त्याचा आवाज येत नव्हता. तो चालू आहे हे कळायला त्याला हात लावावा लागला.

मग पंजा आपटला.

टेबलावरचे कप हलले. आईने डोळे मिटले, उघडले, आणि हात पुसले.

"झालं," ती म्हणाली. "चल आता, निघू या."

पाठीचा पत्रा मी बसवला. बशीतले सगळे स्क्रू लागले, एकही उरला नाही. आईने बशी धुतली. कपड्यांची बॅग तिने इतक्या झटपट भरली, की ती आधीपासून भरलेलीच होती अशी मला शंका आली. गॅसकाकांना फोन केला, तर त्यांनी उचलला नाही. आई म्हणाली, हरले म्हणून रुसलेत.

दुसऱ्या दिवशी पहाट सरताच निघालो. फ्रिज मागच्या सीटवर पट्टा लावून ठेवला, गाडीच्या सॉकेटला जोडला, आत इन्सुलिनचा डबा. आई माझ्या शेजारी. तिने वाटभर तोंड मिटलं नाही. झाडं बघून, ट्रकवरची वाक्यं वाचून, माझ्या गाडी चालवण्याला नावं ठेवून झाली. मग तिने माझ्या घराची चौकशी सुरू केली. कोण कुठे झोपतं, नात अजून अंधाराला घाबरते का, दाराला आतून कडी लागते का, जावई कामावर कधी जातात. मी सगळं नीट सांगितलं. फ्रिज कुठे ठेवशील, असं तिने विचारलं. मी म्हटलं, तू नातीच्या खोलीत झोपणार, तर तिथेच ठेवू. तुझ्या हाताशी राहील.

"बरं होईल," आई म्हणाली. "तिला सोबत होईल."

मागून काही आवाज येत नव्हता.

भर दुपारी पेट्रोल पंपावर थांबलो. अर्ध्याहून जास्त वाट झाली होती. उन्हाने डांबर चमकत होतं. एक बाई नळाखाली मुलाचे पाय धूत होती. इन्सुलिन गोठलं तर वाया जातं, म्हणून आईने मला फ्रिज बघायला सांगितलं. मी मागचं दार उघडून सीटवर वाकले आणि झाकण वर केलं.

डबा ठीक होता. गार होता, गोठला नव्हता.

आतल्या भिंतींना धुक्यासारखं पातळ हिम धरलं होतं. तीन भिंतींना सारखं.

चौथी भिंत पुढच्या बाजूची. आमच्या पाठींकडची. तिच्यावरचं हिम एका जागी वितळलं होतं.

तिथे कानाचा ठसा होता.

घट्ट टेकवलेल्या, बराच वेळ टेकवून ठेवलेल्या कानाचा. पाळी, कडा, आतली वळणं, सगळं स्वच्छ. मी बोट लावलं. तेवढीच जागा कोमट होती.

कान ओळखायला मला चेहरा लागत नाही. माझं कामच ते आहे. बाबांचा कान तर मी लहानपणापासून पाहिलेला. मोठा, बाहेर आलेला, लांब पाळीचा. लाखांत ओळखला असता.

हा बाबांचा नव्हता.

"आहे ना सगळं ठीक?" आईने पुढून विचारलं. ती खुशीत होती. आरशात मला तिचं कपाळ आणि हसरे डोळे दिसत होते.

"ठीक आहे," मी म्हटलं.

मग मी झाकण लावलं. अगदी अलगद, कुणाच्या कानाशी एवढ्या जवळ मोठा आवाज करू नये, म्हणून.