अक्षयकाष्ठ

गाय मेली तेव्हा तिचं पोट गच्च भरलेलं होतं.

पशुवैद्य ढवसांनी तिचं कोठीपोट चिरलं आणि आतून गवत बाहेर आलं. चावलेलं, ओलं, पण हिरवंगार. खाल्लेला चारा गाईच्या पोटात आंबतो, त्याचा एक उग्र वास सुटतो. इथे तो वास नव्हता. गाईच्या फासळ्या मात्र कातडीतून वर आल्या होत्या.

“कोणं विष घातलं का हो, डॉक्टर?” रंजना टोंगेंनी विचारलं. गाय त्यांची होती.

“विष नाही, काकू. ही उपाशी मेली.”

“उपाशी? पोट तं भरून हाय तिचं!”

ढवसांनी ते गवत हातानं पसरून दाखवलं. त्यांच्या शेजारी उभ्या असलेल्या वनस्पतिशास्त्रज्ञ डॉ. ईशानी निखाडेनं उघड्या हातानंच त्यातली एक काडी उचलली. नखानं दाबून पाहिली. मग ती तिथेच, शेणामातीत बसून, एकेक काडी तपासू लागली.

सावंगखेड हे गाव एका बंद पडलेल्या कोळसा खाणीच्या काठावर होतं. जगानं कोळसा जाळणं सोडून आता बरीच वर्षं झाली होती. पण आधी जाळलेल्या कोळशाचा कार्बन हवेत होताच, आणि उन्हाळे माणसाच्या सोसण्यापलीकडे गेले होते. हवेतला तो कार्बन परत जमिनीत कसा घालायचा, याचं उत्तर ईशानीला खाणीच्या भिंतीतच सापडलं होतं. तिथल्या दगडात लांबट, जिभेच्या आकाराच्या पानांचे ठसे होते. पंचवीस कोटी वर्षांपूर्वी हा भाग दक्षिण ध्रुवाच्या बराच जवळ होता आणि इथे थंड दलदलीत त्या पानांची घनदाट जंगलं होती. झाडं मरून पाण्यात पडत. साचलेल्या पाण्यात प्राणवायू नसल्यामुळे ती नीट कुजत नसत. थरावर थर चढले, वर गाळ बसला, दाबानं आणि उष्णतेनं त्यांचा कोळसा झाला. म्हणजे कोळसा हे न कुजलेलं जंगलच.

ईशानीनं तसंच जंगल पुन्हा उभारलं. पाण्यानं भरलेल्या खाणीत तिनं तशाच पानांची, प्रयोगशाळेत घडवलेली झाडं, ‘जिह्वापर्णी’, लावली, आणि त्यांच्यात निसर्गानंही कधी न केलेली एक गोष्ट घातली. लाकडाला कणखरपणा देणाऱ्या द्रव्याची घडण तिनं अशी बदलली की कुठल्याही बुरशीला, कुठल्याही जंतूला ते फोडता येऊ नये. या लाकडाला तिनं नाव दिलं अक्षयकाष्ठ. झाड हवेतून जो कार्बन घेईल, तो कायमचा त्याच्यातच राहील. झाडांना बी येत नव्हतं, परागही नव्हते. ती खाणीबाहेर जाणं शक्यच नव्हतं.

जंगलानं पाणी धरलं, काठावर गवत माजलं. रंजनाकाकूंचा गोठा वाढला. त्यांच्या गाईंच्या दुधाचा चहा ईशानी कितीतरी वर्षं पीत आली होती.

“मले समजंल असं सांग,” तिला हाताला धरून उठवत काकू म्हणाल्या.

“काकू, गाय स्वतः गवत पचवत नाही. तिच्या पोटातले जंतू ते कुजवतात, त्यावर ती जगते. हे गवत कुजतच नाही.”

“काऊन?”

“माझ्या झाडांचा गुण यात आलाय. मातीत एक जंतू असतो, तो आपल्या जनुकांचा तुकडा झाडांच्या अंगात सरकवतो. झाडांत नवे गुण घालायला आम्ही त्यालाच वापरतो. माझ्या झाडांतला तुकडा त्यानं उचलला आणि गवताला दिला.”

“मंग औषध दे ना. ते कुजवणारे जंतू दे.”

“असे जंतूच नाहीत. जुन्या काळी लाकूड फोडायला शिकायला बुरशीला कोट्यवधी वर्षं लागली असावीत, असं काही जण म्हणतात.”

काकूंनी गोठ्याकडे बोट केलं.

“माह्या बाकीच्या गाई?”

हे सांगायची वेळ येणार, हे ईशानीला ठाऊक होतं. गवताचं बी शेणातून पसरतं, आणि पोटात अडकलेलं हे गवत बाहेरचा चारा घातला तरी पूर्ण निघणार नव्हतं. हा गोठा इथून हलला, विकला गेला, तर ते बी गावोगाव जाईल. आत्ताच थांबवलं तर हे संकट खाणीच्या काठावरच संपेल. तिनं ते सांगितलं. शब्द नीट जुळवता आले नाहीत तरी सांगितलं.

“म्हणजे माराच्या?”

“हो.”

काकू गोठ्यात गेल्या. बऱ्याच वेळानं बाहेर आल्या आणि म्हणाल्या, “जगाच्या गाई वाचत असन तं मार. पण मी धरीन त्याईले. परक्या हातात नाई देणार.”

ढवसांनी सुया दिल्या. काकू प्रत्येक गाईला नावानं हाक मारत, तिचं डोकं छातीशी धरून बसत. ईशानी शेवटपर्यंत थांबली. काठावरचं गवत जाळलं, माती भाजून काढली. सगळं आटोक्यात आहे, असं तिनं वर कळवलं, आणि तिला स्वतःलाही ते खरं वाटलं.

पावसाळा सरल्यावर एका दुपारी काकू प्रयोगशाळेत आल्या. हातात प्लास्टिकची पिशवी, तिच्यात गवत.

“स्वरानं धाडलं, माह्या पोरीनं. आंबेजोगाईकडं देलं न तिले. तुह्या मशीनात पाह्यतं का?”

आंबेजोगाई! इथून शेकडो किलोमीटर. ईशानी हसून म्हणाली, “अहो काकू, तिकडं कसं जाईल?” तरी तिनं काडी यंत्रात ठेवली.

आकडे उमटले. तिनं दुसरी काडी ठेवली, मग तिसरी. मग उगाचच काच पुसली आणि पहिलीच काडी पुन्हा ठेवली. शेणातून इतक्या लवकर, इतक्या लांब जाणं शक्य नव्हतं. तो जंतू धुळीतून गेला होता. वाऱ्यानं गेला होता. गोठा रिकामा केला त्याच्या कितीतरी आधीच गेला असणार.

“तेच हाय?” काकूंनी विचारलं.

ईशानीनं होकारार्थी मान हलवली.

“मंग माह्या गाई उगाच मारल्या?” काकू म्हणाल्या. त्यांनी टेबलाची कड घट्ट धरली. ईशानी त्यांच्याकडे बघू शकत नव्हती.

काकूंचा फोन वाजला. त्यांनी तो उचलला आणि स्पीकर लावून टेबलावर ठेवला. पलीकडून स्वराचा आवाज खोलीभर घुमला.

“आई, दाखवलं का गं मॅडमला? म्हैस सकाळपासून रवंथच करत नाहीये. शेजारच्यांचीपण तशीच. काय म्हणाल्या मॅडम? आई? काय घालू तिला खायला?”