राहून गेलेली ओ

"ताई, उद्यापासून खिडकी बंद!"

भाऊ आणि भावजय तिच्याकडे जेवायला आले होते; तो हे बोलला तेव्हा ती त्याच्याच पानात वाढत होती. हातातला डाव हातातच राहिला. शेजारी बसलेल्या भावजयीने नवऱ्याकडे असं पाहिलं, की हे जेवण झाल्यावर सांगता आलं नसतं का!

"कुठली खिडकी?" तिने विचारलं, जणू इस्पितळात तिला दुसऱ्या शंभर खिडक्या होत्या.

"केसपेपरची. यापुढे इमर्जन्सीत आलेल्याला आधी बघायचं, कागद मागाहून. दाराशीच नर्स बसेल आणि मनगटाला पट्टी बांधेल. लाल म्हणजे ताबडतोब, पिवळी म्हणजे थोड्या वेळाने, हिरवी म्हणजे थांबू शकतो." तो खाली मान घालून बोलत होता. "तुझी बदली तळघरात झालीय, रेकॉर्ड रूमला. ऑर्डरवर... माझीच सही आहे."

माझीच सही! ज्या हाताला धरून तिने पाटीवर अक्षरं गिरवून घेतली, त्याच हाताची सही! ती डाव घेऊन आत गेली. बाहेरून त्याने हाक मारली, "ताई... अगं, ताई!" आणि त्या दिवशी आयुष्यात पहिल्यांदा तिने त्याला ओ दिली नाही.

ही गोष्ट लहान नव्हती. ती एकोणीस वर्षांची असताना आईला घेऊन याच इस्पितळात आली होती. वडील आधीच गेलेले. आईला बाकावर बसवून ती केसपेपरच्या रांगेत उभी राहिली... शहाण्या मुलीसारखी, कुणाला न ढकलता, आवाज न चढवता! आत झाडून सगळे डॉक्टर कुणा बड्या माणसाच्या खाटेभोवती जमले होते. तिचा नंबर लागला तेव्हा ज्याच्यावर नाव लिहायचं तो कागद हातात आला, पण आई राहिली नव्हती. घरी अकरा वर्षांचा भाऊ दोघींची वाट पाहत होता.

तिने कॉलेज सोडलं आणि वर्षभरात त्याच खिडकीमागे कारकून म्हणून चिकटली. स्थळं आली, चहा पिऊन गेली. 'आधी याचं शिक्षण' म्हणता म्हणता केस पांढरे झाले, पण त्याचं तिला कधी वैषम्य वाटलं नाही. परीक्षेच्या दिवसांत तो पुस्तकातून मान वर न काढता उगाचच "ताई" म्हणायचा; स्वयंपाकघरातून ओ आली की पुढचं पान उलटायचा. एवढंच तिचं सुख, आणि ते तिला पुरत होतं!

खिडकीतून माणसांचे चेहरे दिसतात. भांडणारा, टेबल आपटणारा सहसा धडधाकट असतो, आणि जो गप्प बसलाय त्याची धास्ती घ्यावी, हे तिला त्या चेहऱ्यांनीच शिकवलं. ओठ निळसर दिसले, कपाळावर गार घाम दिसला, की ती त्या केसपेपरच्या कोपऱ्यात लाल शाईचा एक ठिपका द्यायची आणि कागद गठ्ठ्याच्या वर सरकवायची. कारकुनाला हा अधिकार कुठला? कळलं असतं तर नोकरीवर गदा आली असती! पण भाऊ डॉक्टर होऊन आत रुजू झाला आणि ठिपक्याचा कागद मुकाट्याने आधी उचलू लागला. घरी दोघं त्याबद्दल अवाक्षर काढत नसत. पुढे, तीन वर्षं उशिराने का होईना, तो इमर्जन्सीचा प्रमुख झाला.

आणि आता त्याच ठिपक्याची पट्टी झाली होती! पट्ट्यांचं मोठं कौतुक झालं, सभागृह भरून टाळ्या झाल्या. भाषणात त्याने नर्सचे आभार मानले, झाडूवाल्याचे मानले, लिफ्टमनचेही मानले. ती शेवटच्या रांगेत बसून ऐकत होती... आता म्हणेल, आता म्हणेल... भाषण संपलं. छत्तीस वर्षं त्या खिडकीत बसलेल्या बाईचा त्यात उल्लेखही नव्हता. तिच्या अंतःकरणात काहीतरी कायमचं मिटलं. भावजयीचा फोन आला की ती चार शब्द बोलायची. त्याचा आला की फोन वाजून थांबू द्यायची. कॉरिडॉरमध्ये मागून "ताई" ऐकू आलं की पावलं भरभर उचलायची. अशी दोन वर्षं गेली.

निवृत्तीला महिना उरला होता. सकाळी अकराच्या सुमारास जुन्या फायलींचा गठ्ठा उचलताना तिचा जबडा दुखू लागला, डावा हात जड झाला, आणि कपाळाला हात लावला तर घाम गार! हा चेहरा तिने हजार वेळा पाहिला होता. फक्त आज तो तिचा स्वतःचा होता. कठड्याला धरून ती जिना चढून इमर्जन्सीच्या दाराशी आली. दाराशी बसलेली नर्स नवी होती, तिला ओळखत नव्हती.

"काय होतंय, आजी?"

डॉक्टरसाहेबांची बहीण आहे, एवढं म्हटलं असतं तर दहा माणसं धावली असती. पण ज्याने आपलं नाव घेतलं नाही, त्याचं नाव आपण घ्यायचं? आणि मागे एक बाई तापाने फणफणलेलं मूल कडेवर घेऊन उभी होती.

"काही नाही गं, पित्त झालंय जरा," ती हसून म्हणाली. चेहरे वाचणाऱ्या बाईला चेहरा लपवणं काय अवघड! मनगटाला हिरवी पट्टी बांधली गेली आणि ती बाकावर जाऊन बसली.

दर तासाला बाकांवरून एक फेरी मारून प्रत्येकाचं तोंड पाहायचं, ही त्याची सवय होती. पट्टी चुकू शकते, असं तो म्हणायचा. त्या फेरीत तो तिच्यासमोर येऊन थांबला आणि त्याचा रंगच उडाला.

"हिला हिरवी कुणी दिली?"

"मीच... मागून घेतली," ती पुटपुटली.

मग सगळी पळापळ. हिरवीच्या शेजारी लाल पट्टी चढली, तारा लागल्या, सुया टोचल्या. हृदयाची नळी बंद झाली होती. ती उघडायच्या खोलीतलं टेबल रिकामं व्हायला अजून दहा मिनिटं होती. एवढ्या लोकांदेखत तो तिचा हात धरून रडू लागला.

"ताई, एवढा राग? माझ्या दारात येऊन अशी गप्प बसलीस?"

"तू तरी... सभेत किती बोललास!"

"ताई, ऐक. तुझ्या ठिपक्यांची वर तक्रार गेली होती. कुणा बड्याचा माणूस मागे राहिला म्हणून. मी सांगितलं, ठिपके माझ्या हुकमाने पडतात. ती चौकशी अजून उघडी आहे. खिडकीत बसली असतीस तर चौकशीवाले तुझ्यापर्यंत पोचले असते. भाषणात तुझं नाव घेतलं असतं तर मीच त्यांच्या हातात पुरावा दिला असता! महिनाभरच राहिला होता गं... तू निवृत्त झालीस की जगाला ओरडून सांगणार होतो."

त्याचं प्रमुखपद तीन वर्षं लांबलं ते याच्यामुळे? आणि तेव्हा आपणच त्याला ऐकवलं होतं, की जरा वरिष्ठांशी गोड बोलायला शीक!

"मला का नाही सांगितलंस, वेड्या?"

"सांगितलं असतं तर दुसऱ्या दिवशी त्यांच्यासमोर जाऊन उभी राहिली असतीस, ठिपके माझे म्हणून. मी काय तुला ओळखत नाही?"

ती रडता रडता हसली, कारण ते खोटं नव्हतं. दोन वर्षांचा दगड छातीवरून उतरला, आणि ही दहा मिनिटं संपूच नयेत, असं तिला वाटलं. तेवढ्यात त्याच्या खांद्यापलीकडे तिची नजर गेली.

समोरच्या स्ट्रेचरवर एक रंगारी पडला होता, कपड्यांवर चुन्याचे शिंतोडे, शिडीवरून पडलेला. मनगटाला पिवळी पट्टी. तो कण्हत नव्हता, कुणाला बोलावतही नव्हता. ओठ निळे पडत चालले होते.

"तो बघ," ती म्हणाली. "लाल आहे तो."

"बघतील दुसरे. मी तुला सोडून जाणार नाही."

"कोण दुसरे? सगळे तर इथे आहेत!" खरंच, तीन डॉक्टर, दोन नर्स, खुद्द मोठे साहेब... साहेबांची बहीण म्हणून झाडून सगळे तिच्याच खाटेभोवती उभे होते. "आई गेली तेव्हा असेच कुणाभोवती तरी जमले होते रे. मला तो बडा माणूस करू नकोस. जा!"

त्याने एकदा तिच्याकडे पाहिलं, हात सोडला आणि तो पळाला.

ती पाहत राहिली. त्याने रंगाऱ्याचा शर्ट फाडला, छातीला कान लावला, ओरडून सुई मागितली. सुई टोचताच आत कोंडलेली हवा फस्सकन सुटली आणि त्या माणसाची छाती वर आली, पुन्हा वर आली. ओठांवर हळूहळू रंग परतला. अभिमानाने तिचा ऊर भरून आला; त्या उरात आता फारशी जागा नव्हती. डोळ्यांसमोर अंधारत होतं, आजूबाजूचे डॉक्टर काहीतरी घाईने बोलत होते, यंत्र वाजत होतं.

"ताई!" तिकडून वळून त्याने हाक मारली.

सगळा जीव गोळा करून तिने ओ दिली. स्वयंपाकघरातून द्यायची तशी, स्पष्ट आणि लांब.

त्यानंतर त्याने पुष्कळ हाका मारल्या.